नेच्यांच्या कपाटातलं पान

नेच्यांचं कपाट दुपारी तीनच्या सुमारास वाजायचं. दोनदाच. टक, टक. नखाने लाकडावर टिचकी मारावी तसं.

सुताराने येऊन बिजागऱ्या पाहिल्या, तेल घातलं, आणि "जुनं लाकूड आहे, पश्चिमेचं ऊन आलं की तडकतं" असं सांगून तो गेला. शिपायाने ते मान्य केलं. तरी तीनचा चहा त्याने बाहेरच्या व्हरांड्यात न्यायला सुरुवात केली ती केलीच.

"बाई, तुमचे नेचे भुकेले असतात," तो म्हणायचा. "त्यांनाही अर्धा कप ठेवत जा."

"तूच ठेव. मला बिनपाण्याची पानं सांभाळायचा पगार आहे," खळबाई म्हणायच्या, आणि हातातला ब्रश खळीत बुडवायच्या.

खळबाई हे त्यांचं नाव नव्हे, पण कॉलेजात दुसरं कुणाला ठाऊक नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या मजल्यावर, टोकाच्या लांब खोलीत, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह होता. सगळे त्याला हर्बेरियम म्हणत. जंगलातून आणलेली रोपटी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वाळवून, मग जाड पांढऱ्या कागदावर चिकटवून ठेवायची. चिकटवण्याचं काम खळबाईंचं. पिठाची खळ त्या स्वतः शिजवायच्या, तीत कीड लागू नये म्हणून मोरचुदाचे खडे विरघळवायच्या. त्यामुळे त्यांची बोटं कायम निळसर दिसत. देठ चिकटला नाही तर सुईदोऱ्याने टाका. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. गोळा करणारा आयुष्यभर एकाच क्रमाने आकडे पुढे नेतो, आणि प्रत्येक आकड्यासमोर त्याच्या नोंदवहीत चार ओळी असतात. कुठे मिळालं, कसल्या जागी, रंग कोणता.

खोलीचे दोन नियम होते. ज्या कागदावर क्रमांक नाही, तो संग्रहात राहत नाही. आणि एकदा कागदावर लिहिलं गेलेलं काहीही खोडायचं नाही. पुढे कुणा जाणकाराला नाव चुकलेलं वाटलं, तर त्याने शेजारी नवी चिठ्ठी लावायची, सही-तारीख घालायची. जुनी चूक तिथेच राहते. काही कागदांवर अशा पाच-पाच चिठ्ठ्या होत्या.

भिंतीला लागून कपाटं होती, मोठ्या गटांप्रमाणे लावलेली. पहिलं शैवालांचं: ज्यांना ना मूळ, ना खोड, ना पान. दुसरं शेवाळाच्या, म्हणजे मॉसच्या, मऊ गाद्यांचं. तिसरं नेच्यांचं, म्हणजे फर्नचं. चौथं अगदी लहान, उघड्या बियांच्या झाडांचं. आणि पाचव्यापासून पुढची सगळी, खोलीच्या वळणापर्यंत, फुलं-फळं धरणाऱ्यांची.

ही रांग खळबाईंना नोकरीच्या आधीपासून पाठ होती. ती त्या स्वयंपाकघरात शिकल्या होत्या.

त्यांचा नवरा याच खोलीचा संग्राहक होता. महिन्यातले दहा-बारा दिवस डोंगरात. परतला की आंघोळीच्या आधी खिशातून एक पान काढायचा, जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "बोल. कोणतं कपाट?"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग त्याने तीन प्रश्न शिकवले.

"पहिला प्रश्न, अंगात पाणी चढवायला नळ्या आहेत का? नसतील तर पहिली दोन कपाटं. दुसरा, बी धरतं का? नळ्या आहेत आणि बी नाही, तर नेचा. बी असेल तर तिसरा, बी उघडं की फळात झाकलेलं?"

"आणि तीनही कळले नाहीत तर?"

"तर नवऱ्याला गरम पाणी काढून द्यायचं, तेवढ्यात सुचतं."

उत्तर चुकलं की तो चुकलं म्हणायचा नाही. टेबलावर नखाने दोनदा वाजवायचा, टक, टक, आणि वाट बघायचा. बरोबर आलं की काहीच बोलायचा नाही. उठून हात धुवायला जायचा. एकदा त्याने सुरूची काडी आणली होती. त्या ऐटीत म्हणाल्या, "उघड्या बिया. चौथं." टक, टक. सुरू दिसते तशी, पण तीही फुलं धरणारी, हे कळायला त्यांना दोन दिवस लागले. दोन दिवस तो जेवताना, चहा पिताना, वर्तमानपत्र वाचताना मध्येच टेबल वाजवत राहिला. चिडून त्यांनी लाटणं उगारलं होतं.

मग ते पत्र आलं. एका ओढ्याकाठी त्याला एक रोपटं सापडलं होतं. हे आजवर कुणी नोंदलेलंच नाही, असं त्याला चार वर्षं वाटत होतं. मोठ्या संस्थेचं उत्तर आलं की ते पूर्वीच नोंदलेलं आहे. दीड ओळीचं उत्तर. त्यानंतर तीन आठवडे तो घरात असून नसल्यासारखा होता. विचारलं तर "काही नाही." सासूबाई म्हणायच्या, "त्याला काय झालंय ते बायकोला कळू नये का?"

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने बशीत पाणी घेतलं, त्यात तळ्यावरचे हिरवे दाणे सोडले आणि बशी टेबलावर सरकवली. "बोल. कोणतं कपाट?"

तीन आठवड्यांत तो स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. खळबाई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. त्यांनी बशी उचलली आणि मोरीत ओतली.

"या घरात माणसं राहतात," त्या म्हणाल्या. "त्यांची कोडी कधी सोडवणार? मला आता पानंबिनं विचारायची नाहीत."

त्याने नुसतं रिकाम्या बशीकडे पाहिलं. सकाळी त्या उठायच्या आत तो दौऱ्यावर निघून गेला होता.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. उंच ओल्या कड्याच्या तळाशी तो सापडला. वर, कड्याच्या काठावर, त्याचे बूट होते. शेजारी शेजारी, नीट, टाचा जुळवून ठेवलेले. पिशवी झाडाला अडकवलेली.

ओल्या खडकावर उतरताना संग्राहक बूट काढतात. अनवाणी पाय धरून राहतात. चौकशीच्या कागदावर 'अपघात' असंच लिहिलं गेलं. पण परत यायचं नसलेला माणूसही बूट काढून ठेवतो, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. सासूबाईंनी ते एकदाच बोलून दाखवलं, तेराव्या-चौदाव्या दिवशी, भांडी पुसता पुसता. "जाताना अबोला होता ना तुमचा?" बस, एवढंच. त्यानंतर त्या आठ वर्षं जगल्या. सुनेच्या हातचं खाल्लं, सुनेच्या खांद्याला धरून चालल्या, पण तो प्रश्न त्यांनी परत घेतला नाही.

नवऱ्याच्या जागी खळबाईंना नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी टेबलावर त्याचा शेवटचा गठ्ठा होता. त्यांनीच तो डोंगरातल्या विश्रामगृहातून बाकीच्या सामानाबरोबर आणला होता. नोंदवही चोवीसशे सतरावर संपली होती. एकेका कागदाचा क्रमांक जुळत गेला, आणि सगळ्यांत खाली एक घडी जादा निघाली. तीत एक कोवळं पान, तपकिरी लव असलेलं, दोन्ही बाजूंना बारीक पात्यांची रांग, आणि पात्यांची टोकं आत वळलेली. क्रमांक नाही. नोंद नाही. फूल, फळ काही नाही. घडीच्या वर्तमानपत्रावर तारीख होती ती तो गेला त्याच दिवसाची.

क्रमांक नसलेला कागद संग्रहात राहत नाही.

त्या उठल्या, दार लावलं, आणि त्याच्या सात-आठ चिठ्ठ्या समोर ठेवून त्याचं वळण गिरवलं. दोन, चार, एक, आठ. मग पान चिकटवलं. हाताला सवय नव्हती, खळ वाजवीपेक्षा जास्त पडली, पान कागदाला कायमचं बसलं. वळलेली टोकं म्हणजे नेचा, नेचा ओल्या कड्यावर वाढतो. म्हणजे तो नेच्यासाठी कड्यावर उतरला, पाय सरकला, पडला. ही साखळी त्यांनी त्या दुपारी जुळवली आणि तिच्या आधारावर अठ्ठावीस वर्षं काढली. कागद त्यांनी तिसऱ्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर, गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला, आणि पुन्हा कधी उघडला नाही. हजारो पानं त्यांच्या हाताखालून गेली. त्या एकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी, दुपारी तीनला, कपाट पहिल्यांदा वाजलं.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना नवी मॅडम आली. वयाने त्यांच्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान, गळ्यात भिंग, चालणं भरभर. सगळ्या संग्रहाचे फोटो काढायचे, प्रत्येक कागदाचा क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहायचा आणि न जुळणारे कागद बाहेर काढायचे, असं काम ठरलं होतं. कॅमेरा स्टँडला उलटा टांगलेला. खळबाई एकेक कागद खाली ठेवायच्या, मॅडम कळ दाबायची.

शैवालांना आठ दिवस लागले. शेवाळांना चार.

"मावशी, तुम्हाला बरं नाही का?" मॅडमने विचारलं. "कागद तिरके पडतायत, फोटो वाकडे येतात."

"मोरचुदाने बोटं बधिर होतात. तुम्ही काढा फोटो."

नेच्यांचं कपाट उघडलं त्या आठवड्यात टकटक रोज झाली. मॅडमने पहिल्या दिवशी मान वर करून पाहिलं, दुसऱ्या दिवशी तेही नाही. खळबाई मात्र पावणेतीनपासूनच कान देऊन असायच्या. त्यांना घरीसुद्धा वाटायचं की टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय आणि आपण काहीतरी बोलायची वाट बघतंय. खुर्ची त्यांनी कधी हलवली नव्हती.

खालची फळी शुक्रवारी आली. तो कागद त्यांनी आपल्या हाताने कॅमेऱ्याखाली ठेवला. दुसरं कुणी ठेवलेला त्यांना सोसला नसता.

मॅडमने नोंदवही चाळली. पुन्हा चाळली. "मावशी, चोवीसशे अठरा वहीत नाहीच. सतराला संपते." मग पडद्यावरचा फोटो मोठा करत ती थांबली. "आणि हा नेचा नाहीये."

खळबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"नीट बघा," त्या म्हणाल्या. "टोकं वळलेली आहेत."

"पात्यांची वळलीयत, एकेकाची वेगळी. नेच्याचं कोवळं पान अख्खं वळतं, टोकापासून, गोगलगाईसारखं. याचा दांडा बघा, सरळ आहे." तिने एका सुटलेल्या पात्याखाली सुईचं टोक घातलं, भिंग लावलं. "मधली एकच शीर. बाजूला एकही फाटा नाही. नेच्याच्या शिरा फुटत फुटत जातात. हे सायकसचं कोवळं पान आहे, मावशी. उघड्या बिया. चौथं कपाट. इतकी वर्षं इथे कसं राहिलं?"

"कड्यावर येतं का हे?"

"छे. तिकडे रानात नाहीच. हौसेने कुंड्यांत लावतात, ऑफिसांच्या दाराशी, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना."

नेचा नव्हता. मग तो कड्यावर उतरला कशासाठी? बूट टाचा जुळवून ठेवले ते कशासाठी? खळबाईंना खोली लांबच लांब झाल्यासारखी वाटली, आणि तिच्या टोकाशी सासूबाई भांडी पुसत उभ्या आहेत असं वाटलं. त्या खाली बसल्या. मॅडमने पाणी आणलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"हा क्रमांक माझ्या हातचा आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नाही."

मग सगळं सांगितलं. पत्र, बशी, मोरी, बूट. अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते एका परक्या मुलीला, तेही कॅमेऱ्याचा दिवा चालू असताना. शेवटी मॅडमने एवढंच विचारलं, "हे पान दाबलेलं कुठे मिळालं तुम्हाला? कड्यावरच्या पिशवीत?"

"नाही. पिशवी रिकामी होती. दाबायच्या फळ्या विश्रामगृहात होत्या, खोलीत, पलंगाखाली. पट्टे आवळून."

"आणि वर्तमानपत्र त्या दिवसाचं."

"त्या दिवसाचं. घरी आहे अजून, माझ्या कपड्यांच्या घड्यांत."

"संग्राहक दिवसभर तोडतो आणि संध्याकाळी दाबतो," मॅडम सावकाश म्हणाली. "संध्याकाळी ते नव्हते. म्हणजे हे सकाळी दाबलं, निघायच्या आधी. पण सकाळी, मुक्कामाच्या जागी, कुंडीतलं झाड कोण कशाला दाबेल? संग्रहात असलं काही घेतच नाहीत. नोंद केली नाही ते बरोबरच केलं त्यांनी. संग्रहासाठी घेतलेलंच नव्हतं ते."

विश्रामगृहाला चार पायऱ्या होत्या. सामान ताब्यात घ्यायला गेलेल्या दिवशी खळबाई त्या पायऱ्यांवर दोन तास बसल्या होत्या, किल्लीवाल्याची वाट बघत. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या कुंड्या. कुंडीतलं झाड सारखं दंडाला टोचत होतं, आणि त्या सरकून बसल्या नव्हत्या, कारण टोचतंय एवढंच त्या दिवशी कळत होतं.

ओठांच्या कोपऱ्यातून हसत त्या झाडाचं कोवळं पान निवडणारा माणूस त्यांना दिसला. बाहेरून हुबेहूब नेचा. बायको हमखास फसणार असं. 'मला आता पानंबिनं विचारायची नाहीत' म्हणाली आहे ना, तर हे बघ. त्याने ताजं वर्तमानपत्र उघडलं, पान ठेवलं, पाती सारखी केली, पट्टे आवळले. पान वाळायला चार दिवस लागतात. चार दिवसांनी टेबलावर काय ठेवायचं, ते त्याने सकाळी सातला ठरवलं होतं.

आणि तरी दुपारी कड्याच्या काठाशी, बूट काढताना, त्याच्या मनात काय होतं ते कुठल्याच वहीत नव्हतं.

पण पान विचारलं गेलं होतं. आणि पहिल्याच दिवशी, दार लावून, त्यांनी उत्तर दिलं होतं: नेचा, तिसरं कपाट.

खळबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तीनला सात मिनिटं कमी होती.

"मॅडम, नवी चिठ्ठी लावायला सही तुमची लागते ना?"

"जाणकाराची लागते," मॅडम म्हणाली, आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला.

आजवर त्यांनी हजारो चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, लिहिली एकही नव्हती. पहिल्या दिवशी त्याच्या वळणात लिहिलेली ती एक धरली, तर ही दुसरी. त्यांनी पेन घेतलं. यावेळी वळण स्वतःचं. 'नेचा नव्हे. उघड्या बियांचा गट, सायकस, कुंडीतलं. क्रमांक संग्राहकाचा नाही, चिकटवणारीने घातलेला.' खाली सही, तारीख. खळ लावली, बेताने. जुना आकडा खोडला नाही. तसा नियमच होता.

"हा कागद आता बाहेर जाणार," त्या म्हणाल्या.

"संग्रहातून जाईल. पण मुलांना परीक्षेला ठेवायला मला असं एक पान हवंच होतं," मॅडम म्हणाली. "भलेभले फसतील. चौथ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा, शिकवण्याच्या गठ्ठ्यात."

त्यांनी कागद उचलला, तिसरं कपाट बंद केलं, चौथं उघडलं. वरच्या फळीवर कागद ठेवताना त्यांचे ओठ हलले. मॅडमला ऐकू आलं ते एवढंच: "चौथं."

मग त्या नेच्यांच्या कपाटासमोर स्टुलावर बसल्या. शिपाई आत आला, तिघांचे कप घेऊन, आणि दारातच थबकला.

"बाई, तीन वाजले. बाहेर नाही का यायचं?"

"थांब जरा."

पश्चिमेचं ऊन खिडकीतून सरकत कपाटाच्या दारावर आलं, रोजच्यासारखं. लाकूड तेच होतं, बिजागऱ्या त्याच. तीन वाजून पाच झाले. दहा झाले. चहावर साय धरली. मॅडमने दिवा बंद केला होता आणि ती उगाच वही चाळत होती.

काहीच वाजलं नाही.

खोलीच्या टोकाला, जिथे हात धुवायचं बेसिन होतं, तिथला नळ तेवढा थोडा वेळ ठिबकला आणि थांबला. बरोबर उत्तरानंतर तो हात धुवायला उठायचा, तेव्हा घरचा नळ असाच वाजायचा. खळबाई ताडकन उठून तिकडे पाहत राहिल्या. बेसिनपाशी कुणी नव्हतं.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "एकदा वाजवा तरी."

साडेपाचला शिपायाने खिडक्या लावल्या, किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि दारात उभा राहिला. त्यांच्यापुढचा कप तसाच होता. त्याने तो उचलला नाही. तोही जरा वेळ कान देऊन उभा राहिला.